थांबा, फोटो येतोय!

दोस्तांनो, मोबाइलच्या पडद्यावर गोल गोल फिरणारी ती छोटीशी भिंगरी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. मावशीनं ताईच्या लग्नाचे फोटो टाकलेत असं कळतं, तुम्ही घाईघाईनं ॲप उघडता आणि समोर काय? भिंगरी! एक सेकंद, दोन सेकंद, पाच सेकंद... मागून आजी विचारते, "काय रे, बंद पडला का फोन?" तुम्ही म्हणता, "नाही गं आजी, लोड होतंय!"

पण खरं सांगा, लोड होतंय हे तुम्हाला कसं कळलं? भिंगरी फिरत होती म्हणून! ती नसती आणि समोर नुसता कोरा पांढरा पडदा असता, तर तुम्हीही आजीसारखंच म्हणाला असतात, "गेला वाटतं फोन!"

या पडद्याला म्हणतात लोडिंग स्क्रीन. तो आपोआप येत नाही. ॲप बनवणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी बसून तो आखलेला असतो. भिंगरी ठेवायची की भरत जाणारी पट्टी? शब्द कोणते लिहायचे? छोट्या फोनवर कसं दिसेल आणि मोठ्या टॅबवर कसं? माणसाला वाट तर पाहायला लावायची, पण वैतागू द्यायचं नाही, आणि त्याच्याशी खोटंही बोलायचं नाही. काम वाटतं तितकं सोपं नाही, बरं का! आज आपण हेच काम शिकणार आहोत. सुरुवात मात्र करायची नाशिकच्या एका माणसापासून. कारण पडद्यावर 'वाट पाहणं' दाखवायचा उद्योग त्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच करून ठेवलाय!

कुंडीतला वाटाणा

त्या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला तो नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई अशा किती तरी कला त्यांनी शिकून घेतल्या होत्या. सिनेमा पाहिला आणि त्यांच्या मनानं घेतलं, आपणही असं चित्र काढायचं. १९१२ साली ते थेट इंग्लंडला गेले आणि कॅमेरा विकत घेऊन आले.

कॅमेरा आला, पण पैसे? आपल्या देशात तेव्हा कुणी पूर्ण लांबीचा चित्रपट काढलेलाच नव्हता. मग 'मी सिनेमा काढतो' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे कोण ठेवणार? तेव्हा दादासाहेबांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला! कुंडीसमोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत राहिले. माती फुटली, अंकुर वर आला, पानं उलगडली, वेल चढू लागला. ही सगळी चित्रं एकापाठोपाठ पडद्यावर दाखवली, तेव्हा कित्येक दिवसांची वाढ जेमतेम मिनिटभरात डोळ्यांसमोर घडली. बघणारे थक्क झाले आणि पैसे उभे राहिले! 'अंकुराची वाढ' या नावानं ही छोटी फिल्म ओळखली जाते. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि भारतीय चित्रपटाची सुरुवात झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यानंतर दादासाहेबांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. १९१५ साली त्यांनी आणखी एक गंमत केली. तिचं नाव 'आगकाड्यांची मौज'. आगपेटीतल्या काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा चित्र घ्यायचं. पडद्यावर पाहाल तर काड्या आपोआप हलताहेत! ही फिल्म आज उपलब्ध नाही. पण तिच्यातली युक्ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये रोज वापरली जाते.

कशी? भिंगरीकडे नीट पाहा. ती खरं म्हणजे फिरतच नाही! समजा, तिला बारा पाकळ्या आहेत. पहिल्या चित्रात एक नंबरची पाकळी गडद असते. दुसऱ्या चित्रात दोन नंबरची, तिसऱ्यात तीन नंबरची. ही चित्रं भराभर बदलतात आणि आपल्या डोळ्यांना वाटतं, भिंगरी फिरतेय. बहुतेक फोनचा पडदा सेकंदाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा नवं चित्र रंगवू शकतो. आगकाडी काय आणि पाकळी काय, मौज तीच!

तेवढ्या वेळात होतं तरी काय?

आता फोनच्या पोटात शिरू. तुम्ही ॲप उघडलंत की फोन एक निरोप पाठवतो, "नवे फोटो द्या." हा निरोप हवेतून जवळच्या टॉवरकडे जातो. तिथून जमिनीखालच्या काचेच्या बारीक तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, तो सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकाकडे पोचतो. सर्व्हर फोटो शोधतो आणि त्याच वाटेनं परत धाडतो.

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. समजा सर्व्हर १२ हजार किलोमीटर लांब आहे. जाऊन-येऊन झाले २४ हजार किलोमीटर. भागाकार करा बरं. ०.१२ सेकंद! म्हणजे जगातली सर्वांत वेगवान गोष्ट वापरली, तरी थोडी वाट पाहावीच लागते. म्हणूनच मोठ्या कंपन्या फोटोंच्या प्रती आपल्या जवळपासच्या शहरांतही ठेवतात.

प्रकाशालाही वेळ लागतो हे डोळ्यांनी दाखवलं, तेही एका नाशिककरानं. रमेश रासकर हे नाशिकला वाढलेले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक विलक्षण कॅमेरा दाखवला. सेकंदाला एक लाख कोटी चित्रं, असा त्याचा वेग! प्लास्टिकच्या बाटलीतून प्रकाशाचा ठिपका गोगलगायीसारखा सरकताना त्यात दिसतो. एकाच झपाट्यात नव्हे हं. प्रकाशाचा झोत पुन्हा पुन्हा सोडून, मिळालेली चित्रं जोडून ही फिल्म तयार होते. आहे की नाही गंमत? एका नाशिककरानं कित्येक दिवस मिनिटात बसवले, तर दुसऱ्यानं सेकंदाच्या अब्जांश भागाला ताणून लांब केलं!

बरं, प्रकाशाचा वेळ फार थोडा. मग पाच-दहा सेकंद कशात जातात? बहुतेक वेळ जातो फोटोच्या वजनात आणि नेटच्या चिंचोळ्या वाटेत. समजा, फोटो आहे ३०० किलोबाइटचा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणजे झाले २,४०० किलोबिट. नेट मंद असेल आणि सेकंदाला १०० किलोबिट येत असतील, तर लागले २४ सेकंद. तेच नेट चांगलं असेल, सेकंदाला १० हजार किलोबिट येत असतील, तर लागेल पाव सेकंदाहूनही कमी वेळ.

म्हणजे ॲप तेच, फोटो तोच, पण कॉलेज रोडवर बसलेल्या मुलीला तो चटकन दिसेल आणि डोंगराच्या आड राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अर्धा मिनिट थांबावं लागेल. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेला असाल तर आठवा, इगतपुरी-कसाऱ्याच्या बोगद्यांत शिरलं की नेट कसं गायब होतं! आणि एकाच टॉवरवर हजारो फोन एकदम बोलू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येतं. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर किती फोन असतील, कल्पना करा!

२०१५ साली फेसबुकनं याच्यावर एक छान तोडगा काढला. दर मंगळवारी तासभर आपल्याच कर्मचाऱ्यांना मुद्दाम मंद नेट वापरून पाहण्याची सोय दिली. मोठ्या शहरात, झकास नेटवर बसून ॲप बनवणाऱ्याला लांबच्या माणसाची अडचण कळावी म्हणून! तुम्ही कधी ॲप बनवलंत, तर हे विसरू नका.

तीन आकडे पाठ करा

लोडिंग स्क्रीन आखणाऱ्याला तीन आकडे माहीत असावेच लागतात. ०.१ सेकंद, १ सेकंद आणि १० सेकंद. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली संगणकापुढे बसलेला माणूस किती वेळ थांबू शकतो याचा विचार मांडला. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी हे तीन आकडे आपल्या पुस्तकात सांगितले.

०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं, तर माणसाला वाटतं, लगेच झालं. दिव्याचं बटण दाबावं तसं. इथे भिंगरीची गरजच नाही.

१ सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. इथेही भिंगरी दाखवू नका. नाही तर ती क्षणभर चमकून जाते आणि उगीच डोळ्यांना त्रास.

१ ते १० सेकंदांत काही तरी हलतं दिसलं पाहिजे. 'काम चालू आहे' असा दिलासा हवा.

१० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल, तर माणसाचं लक्ष उडतं. तेव्हा नुसती भिंगरी चालणार नाही. किती झालं, किती राहिलं हे दाखवणारी पट्टी हवी आणि 'रद्द करा' हे बटणही हवं.

या पट्टीचा अभ्यास ब्रॅड मायर्स या संशोधकानं १९८५ साली मांडला होता. लोकांना ती हवीशी वाटते, असं त्याला दिसून आलं. का नाही वाटणार? एसटीच्या थांब्यावर 'गाडी सुटली आहे, वीस मिनिटांत येईल' असं कुणी सांगितलं तर आपण निवांत बसतो. कुणीच काही सांगितलं नाही, तर दर मिनिटाला उठून रस्त्याकडे पाहतो. वेळ तितकाच, पण जीव टांगणीला!

आधी पानं मांडा!

आता एक झकास युक्ती. लग्नाच्या पंगतीत बसलात की भात यायला वेळ असतो. पण तुमच्यासमोर पान मांडलेलं असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजीची जागा. मधे भाताची. अजून पोटात काही गेलेलं नसतं, पण काय कुठे येणार हे कळतं आणि वाट पाहणं सुसह्य होतं. समजा, आधी पानंच मांडली नाहीत, वाढपी मंडळी आत गेली आणि दार बंद झालं, तर? पाच मिनिटांत गलका सुरू!

सोशल मीडियाची ॲप्स हल्ली असंच पान मांडतात. ॲप उघडलं की राखाडी रंगाचे आकार दिसतात. वर एक छोटा गोल, तिथे मित्राचा चेहरा येणार. शेजारी एक पट्टी, तिथे नाव. खाली मोठा चौकोन, तिथे फोटो. त्याखाली दोन पट्ट्या, तिथे मजकूर. याला 'स्केलेटन स्क्रीन', म्हणजे सांगाड्याचा पडदा म्हणतात. २०१३ साली ल्यूक रोब्लेव्स्की या डिझायनरनं हे नाव रूढ केलं. त्याचं म्हणणं असं, की भिंगरी पाहिली की माणसाचं लक्ष घड्याळाकडे जातं. सांगाडा पाहिला की लक्ष येणाऱ्या गोष्टीकडे जातं.

पंगतीचा एक नियम मात्र इथेही पाळायचा. एकदा मांडलेलं पान हलवायचं नाही! फोटोसाठी चौकोन जेवढा ठेवला, फोटो तेवढ्याच जागेत यायला हवा. नाही तर काय होतं? तुम्ही एका बटणावर बोट टेकवणार, तेवढ्यात वरचा फोटो येतो, सगळं खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी!

याहून पुढची युक्ती फेसबुकनं २०१५ साली दाखवली. फोटो येण्याआधी त्याची अंधूक छाया पाठवायची. किती वजनाची? फक्त २०० बाइटची! आपला मघाचा फोटो ३०० किलोबाइटचा होता. ही छाया त्याच्या दीड हजाराव्या भागाएवढी. मघाच्या त्या मंद नेटवरही ती सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात येते. आधी हिरवं-निळं धुकं दिसतं, मग हळूहळू त्यातून डोंगर आणि आकाश स्पष्ट होतं. कुंडीतल्या वाटाण्यासारखंच की! रिकामी माती नाही, वाढ दिसली पाहिजे.

लहान पान, मोठं पान

आता सर्वांत चिवट प्रश्न. फोन किती तऱ्हांचे! कुणाकडे छोटा, कुणाकडे लांबोडका, कुणाकडे घडी घालायचा, कुणाकडे टॅब. वरून कुणी तो आडवा धरतो. प्रत्येकासाठी वेगळा पडदा काढत बसायचा का? छे! एकच असा आखायचा, जो जागा पाहून स्वतःला जुळवून घेईल. अशा रचनेला 'रिस्पॉन्सिव्ह' म्हणतात. २०१० साली ईथन मार्कोट या डिझायनरनं वेबच्या पानांसाठी हा शब्द वापरला आणि तो सगळीकडे रुजला.

वही घ्या, एक गणित करू. पुष्कळशा अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी साधारण ३६० एकक धरतात. दोन्ही बाजूंना १६ एकक समास सोडला, तर उरले ३२८. फोटोची रुंदी आणि उंची ४ आणि ३ या प्रमाणात हवी असेल, तर उंची येईल २४६. हा झाला आपला राखाडी चौकोन.

आता ८०० एकक रुंदीचा टॅब घ्या. इथे एकच फोटो पसरवला तर तो पडदाभर होईल. म्हणून दोन रांगा करू. डावा, मधला आणि उजवा असे तीन समास म्हणजे ४८ एकक गेले. उरले ७५२. एका रांगेला ३७६ आणि उंची २८२. पाहा, आपण 'फोटो अमुक सेंटिमीटरचा' असं म्हटलंच नाही. 'जागा मोज, समास सोड, उरलेलं वाटून घे' एवढा नियम दिला. हा नियम पाळून सांगाडा काढला आणि मागून येणारा खरा फोटोही त्याच नियमानं बसवला, की कुठल्याही फोनवर पान हलणार नाही.

एक गोष्ट मात्र आपणच लक्षात ठेवायची. इंग्रजी अक्षरांच्या मापानं आखलेल्या ओळी मराठीला तोकड्या पडतात. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार असतो आणि पायाशी उकार. 'मैत्रिणींनो' आणि 'कुटुंब' हे शब्द लिहून पाहा, वर-खाली किती जागा लागते ते! म्हणून मराठी ॲपच्या सांगाड्यात दोन पट्ट्यांमधलं अंतर जास्त ठेवायचं. नाही तर मजकूर आला की उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आदळलाच म्हणून समजा.

आणि आजी? आजी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवते. तिच्या फोनवर दोन ओळींच्या चार ओळी होतात. आपला सांगाडा तिथेही टिकायला हवा. काही जणांना पडद्यावर सारखं हलताना पाहून गरगरतं. अशांसाठी फोनमध्येच हालचाल कमी करण्याची सोय असते. ती चालू असेल तर आपली भिंगरी थांबवायची आणि साधं 'येत आहे' लिहायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन बोलून दाखवतो. त्याच्याकडून 'फोटो येत आहेत' असं बोलून घ्यायला विसरायचं नाही. सगळ्यांना वाढायचं, तीच खरी पंगत!

खरं बोला!

आता सर्वांत महत्त्वाचं. लोडिंग स्क्रीन खोटं बोलू शकते!

नेट केव्हाच गेलेलं असतं आणि भिंगरी मात्र आनंदानं फिरत असते. किंवा पट्टी भराभर ९९ टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच ठाण मांडून बसते. का? कारण ती खरं काम मोजतच नसते, नुसती दाखवायला पुढे सरकत असते. फोटोच्या वेळी यानं फार बिघडत नाही. पण कधी कधी बिघडतं.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. राज्यात साधारण पंधरा लाखांच्या आसपास मुलं परीक्षा देतात. मंडळाच्या नऊ विभागांपैकी नाशिक हा एक. ठरल्या वेळेला ही सारी मुलं, त्यांचे आईबाबा, मामा, आत्या एकदम फोनवर तुटून पडतात. पडद्यावर भिंगरी. मुलीचे हात गार पडलेले. आपला निकाल राखून ठेवला का? नंबर चुकला का? नापास तर नाही ना? भिंगरी काहीच सांगत नाही. ती पुन्हा पुन्हा बटण दाबते. प्रत्येक वेळी नवा निरोप जातो आणि सर्व्हरवरची गर्दी आणखी वाढते!

त्या ठिकाणी एवढंच लिहिलं असतं तर? 'गर्दी खूप आहे. तुमचा नंबर बरोबर आहे. निकाल तयार आहे, अर्ध्या मिनिटानं आम्हीच पुन्हा विचारू.' तिचा जीव भांड्यात पडला असता. आणि आमचीच अडचण असेल, तर 'चूक तुमची नाही, आमच्याकडे गर्दी आहे' असं म्हणायलाही काय हरकत आहे?

पैशांच्या बाबतीत तर आणखी जपायचं. दुकानात बाबांनी फोनवरून पैसे पाठवले आणि भिंगरी फिरत राहिली. गेले की नाहीत? घाईनं पुन्हा पाठवले तर दोनदा जायचे! म्हणून चांगलं ॲप 'व्यवहार अजून पूर्ण झालेला नाही, पुन्हा पैसे पाठवू नका, थोड्या वेळानं तपासा' असं स्पष्ट सांगतं. आणि बटण एकदा दाबलं की ते थोडा वेळ बंद करून टाकतं.

काही युक्त्या मात्र खोट्या नसून हुशारीच्या असतात. इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या काळातली एक युक्ती प्रसिद्ध आहे. तुम्ही फोटोखाली ओळ लिहीत असता, तेवढ्यात फोटो गुपचूप वर चढवायला सुरुवात झालेली असते. ओळ लिहून होते तोवर फोटो पोचलेला! तसंच, तुम्ही बदाम दाबला की तो लगेच लाल होतो, निरोप मागून जातो. चालेल. पण निरोप पोचलाच नाही, तर बदाम पुन्हा पांढरा करून तसं सांगायला हवं. नाही तर तीही थापच!

आईबाबांसाठी चार ओळी

पालकहो, हा पडदा नुसता थांबवणारा नसतो, गुंतवणाराही असतो. बोटानं पडदा खाली ओढून सोडायचा आणि नवं काय येतं ते पाहायचं, ही पद्धत २००८-०९ च्या सुमारास लॉरेन ब्रिक्टर याच्या ट्विटी या ॲपमुळे लोकांना ठाऊक झाली. खाली खाली सरकत राहा, पान संपतच नाही, ही रचना एझा रास्किन यानं २००६ साली केली. पुढे त्यानं स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पान संपलं की माणूस उठतो. ते संपलंच नाही, तर उठणार कधी?

इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांनी वापरण्याचं किमान वय १३ ठेवलं आहे. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. तेव्हा मुलांबरोबर बसून एकदा ॲप उघडा आणि हा लेख हातात घेऊन त्याची परीक्षा घ्या. ओरडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त!

करून पाहा

साहित्य: तीन पुठ्ठे (एक फोनएवढा, एक वहीएवढा, एक आडवा धरलेल्या फोनएवढा), पांढरा कागद, पेन्सिल, कात्री आणि सेकंद दाखवणारं घड्याळ.

१) तिन्ही पुठ्ठ्यांवर एकाच ॲपचा सांगाडा काढा. समास सोडा, उरलेली रुंदी मोजा, ४ आणि ३ या प्रमाणात चौकोन आखा. चेहऱ्यासाठी गोल आणि मराठी मजकुरासाठी ऐसपैस पट्ट्या विसरू नका.

२) त्याच मापांचे खरे 'फोटो' वेगळ्या कागदावर काढून, कापून ठेवा. ते चौकोनात बरोबर बसतात का पाहा. बसले नाहीत तर चूक फोटोची की सांगाड्याची, ते शोधा.

३) आता मैत्रिणीला समोर बसवा. तुम्ही व्हा 'नेट'. पहिल्यांदा कोरा कागद दाखवा आणि बरोबर पंधरा सेकंदांनी फोटो द्या. दुसऱ्यांदा आधी सांगाडा दाखवा, एक कागदी पट्टी हळूहळू पुढे सरकवत राहा आणि पंधरा सेकंदांनीच फोटो द्या. दोन्ही वेळा तिला विचारा, "किती सेकंद गेले असतील?" तिचे आकडे लिहून ठेवा. घरातल्या पाच जणांवर हाच प्रयोग करा. आजीला मात्र नक्की बसवा!

४) 'नेट नाही' तेव्हा दाखवायचं एक वाक्य लिहा. अट अशी: वाक्य दहा शब्दांच्या आत हवं, खरं हवं, आणि पुढे काय करायचं ते त्यात सांगितलेलं हवं.

नाशिकला राहत असाल किंवा सुट्टीत जाणार असाल, तर पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, तिथे जरूर जा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं. आणि जमलं तर घरी एका कुंडीत वाटाणाही पेरा. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून एक फोटो काढा. महिनाभरानं ते सारे फोटो भराभर सरकवून पाहा.

काय, करणार ना? मग पहिला फोटो आजच काढा. नुसत्या मातीचा आला तरी चालेल!